काहील आणि पुलाचा अर्ज

अण्णा, काल तेरणा नदीवरच्या पुलावरून गेले. सून गाडी चालवत होती. या काठावरून त्या काठाला जायला अर्धं मिनिटही लागलं नाही. इथंच तुम्ही गूळ करायच्या जुन्या लोखंडी काहिलीत बसवून माणसं पलीकडं नेत होतात, हे सांगितलं तर तिला खरं वाटेना. या पुलासाठी केलेल्या अर्जाबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती आज लिहिते.

काहिलीला ना पुढचं टोक, ना मागचं. जराशा धक्क्यानं ती गरगर फिरायची. दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत तुम्ही ती न्यायचात, आणि त्याआधी वजन बघून माणसं बसवायचात. एकदा पाटलीणबाईंना एका अंगाला बसवून समोर दोन शेळ्या आणि मी. "मला शेरडांच्या जोडीला तोलता व्हय?" त्या फणकारल्या. "शेरडं गप बसत्यात, मामी," तुम्ही म्हणालात. सगळे हसले, आणि मी हसता हसता उभी राहिले. काहील कलली, पाणी आत आलं. काठाला लागल्यावर सगळ्यांदेखत तुम्ही माझ्या थोबाडीत दिलीत. "बस म्हनलं की बसायचं. पानी कुनाची लेक हाय ते बघत न्हाय." त्याच काहिलीतून मी रोज पलीकडच्या हायस्कुलात गेले. माझ्या बरोबरीच्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटली. माझी तुम्ही सुटू दिली नाहीत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना श्रावणात घरी आले होते. शेजारच्या वहिनीला कळा सुरू झाल्या आहेत, दवाखाना पलीकडं, आणि नदी गढूळ, फुगलेली. दोर पाण्याखाली गेला आहे. दोर बुडाला की काहील सोडायची नाही, हा तुमचा नियम. वहिनीचा नवरा तुमच्या पाया पडतो. तुम्ही काहील पालथी घालून तिच्यावर बसता. "दोर दिसंना. एकीपायी चौघं घालवू का?" मी ओरडते, "अण्णा, तुम्ही भ्यालात!" तुम्ही माझ्याकडं बघता. "व्हय, भ्यालो." वहिनी काठावरच बाभळीखाली बाळंत झाली. दोघंही वाचली. माझा राग मात्र गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पुलासाठी अर्ज लिहिला आणि घरोघर सह्या, अंगठे घेत फिरले. संध्याकाळी तुम्हीच म्हणालात, "काय लिव्हलंय, वाच." मी वाचलं. चुलीपुढून आई म्हणाली, "अवं, पूल झाल्यावर तुमी काय करनार?" "रानात जाईन की. काल ती शेजारची पोरगी कळांनी काठावर वरडत हुती, ते ऐकलंस न्हवं?" एवढंच बोलून तुम्ही अंगठा पुढं केलात. शाई मीच लावली.

पूल व्हायला बरीच वर्षं गेली. पहिली एसटी त्यावरून गेली तेव्हा तुम्ही रानातून वर येऊन ड्रायव्हरला हात केलात. पुढं मी शाळेत शिकवायला लागले. सहलीच्या वाटेवर एकदा ओढ्याला पाणी दिसलं आणि मी बस मागं फिरवायला लावली. बरोबरचे शिक्षक म्हणाले, "बाई, घाबरलात का?" मी "हो" म्हटलं. चारचौघांत ते म्हणायची हिंमत माझ्यात तुमच्याकडून आली, अण्णा. शिक्षणही तुमच्याकडूनच आलं, पण हे त्याहून मोठं.

आता ती गोष्ट. तुम्हाला अर्ज वाचून दाखवताना मी एक ओळ गाळली होती: 'येथील नावाडी भित्रा असून ऐन अडचणीच्या वेळी नकार देतो.' तुम्हाला अक्षरओळख नव्हती. त्याच कागदावर तुम्ही अंगठा उठवलात. मला ती ओळ खोडता आली असती, दुसरा कागदही घरात होता. मी अर्ज तसाच पाठवला. खाडाखोड बरी दिसली नसती, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या दिवशी ती ओळ मला आवडली होती.