साक्षीची वेळ

गंगाखेड, रविवार, संध्याकाळ

आज चर्चमधी उपासनेला पुढारी आला. त्याच्याच पुतण्यानं सुमनताईच्या पोरीची अब्रू घेतली, आणि पोलीस तक्रारसुद्धा लिहून घेईनात. तरी पाळकांनी त्याला खुर्ची दिली. आमी सगळे सतरंजीवर. का, तर कब्रस्तानाला भिंत बांधून देतो म्हणाला.

दर रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याला आपल्यावर गुजरलेलं बोलायचं त्यानं उठायचं. सुमनताई उठली, डोक्यावर पदर घेऊन. ती तोंड उघडणार तोच पाळकांनी मला खूण केली, गाणं घ्या. मी ढोलकी वाजवली. लय जोरात. एक गाणं झालं, लगेच दुसरं. ती उभीच.

भिंत पाहिजे, हे खरंच. डुकरं कबरी उकरायलेत, माझा बाप तिथंच पुरलाय. पण मेलेल्यांच्या भिंतीपायी जित्या पोरीला... प्रभू, तुझ्या घरातबी तिचं कुणीच न्हाई का? आत्ता प्रार्थनेला डोळे मिटले तर ती उभीच दिसायली.

दुपारी उपासना सुटल्यावर चपला घालताना मी तिला म्हणालो, "ताई, बसायचं तरी."

ती म्हणाली, "तुमची ढोलकी थांबंल म्हणून उभी होते, भाऊ."