कोंडिबाचा शेवटचा फासा

मखमलाबाद, नाशिक
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय तेजस्विनी,

आम्ही इकडे ठीक. तू पुण्यात बरी असशील, आणि सकाळी उपाशीपोटी चहा पिणं अजून सोडलं नसशील. दिवाळीची फुलं संपली, शेतात झेंडूची नुसती वाळकी झाडं उभी आहेत. आईचा गुडघा बोलतोय. तिला कुणी विचारलं की वरच्या खोलीत ती पोरं दर रविवारी काय करायची, तर ती अजून सांगते, "एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होऊन बोलतात, आणि कुठं अडलं की फासा टाकतात. लग्नाच्या वयाची घोडी सगळी!" तिच्याइतकं नीट आपल्यालाही कधी कुणाला समजावता आलं नव्हतं.

तुझा मेसेज मंगळवारी आला. सव्वा वर्षानंतर. मी तो किती वेळा वाचला ते विचारू नकोस. दीपकला जाऊन वर्ष होतंय, सात डिसेंबरला सगळ्यांनी जमायचं, त्याच्या नावानं एक डाव खेळायचा, हे वाचून बरं वाटलं. पण पुढचं वाचून मी फोन पालथा ठेवला. "त्या दिवशी तू बरोबर होतास, वाल्मीक. सृष्टीनं सांगितलं, दीपक शेवटपर्यंत तुझी बाजू घेत होता. मी नको ते बोलले, सॉरी. डाव तूच चालव. नियमानं."

मेसेजला उत्तर मेसेजनं देता आलं असतं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी कागद घेतला. कागदावर पुसलं तरी दिसतं.

खोली तशीच आहे. टेबलावर फुलांची रिकामी क्रेट रचलीत, गोष्ट सांगताना मी ज्याच्यामागे नकाशे आणि फासे लपवायचो तो पुठ्ठ्याचा पडदा कोपऱ्यात पडलाय. त्या पडद्यावरून आपण किती भांडलो गं! तुझं म्हणणं, माणूस त्या पात्रात शिरून बोलला पाहिजे, नियम गेले खड्ड्यात. माझं म्हणणं, नियम नसेल तर जिंकण्यात राम काय? रोशनी दोघांच्या मधे चुरमुऱ्यांच्या भत्त्याचं ताट सरकवायची आणि म्हणायची, "आधी खा, मग मारामारी करा." आणि दीपक? तो दोघांचं ऐकायचा आणि तिसरंच करायचा. दिंडोरीहून एसटीनं यायचा, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हात सुजलेले. आणि टेबलाशी बसला की कोंडिबा नावाडी व्हायचा. तीन वर्षं त्यानं तो म्हातारा जगवला. तलवार उपसायच्या आधी राक्षसाशी गप्पा मारायचा. आठवते ती दलदलीतली राक्षसीण? "ओ बाई, लय दिवसांनी माणूस पाह्यलं वाटतं तुमी. जेवण झालं का?" पाऊण तास! मीही हसलो होतो तेव्हा. खरंच हसलो होतो.

आता त्या रविवारचं. गणपती उठायच्या आधीचा रविवार होता. खाली अंगणात हारांची घाई, आई मला हाका मारतेय, आणि मी वर पडदा लावून बसलेलो. तीन आठवडे खपून मी त्या किल्ल्याची लढाई रचली होती. नकाशे काढले होते, एकेका बुरुजावर कोण पहारेकरी ते ठरवलं होतं. आणि दीपकनं काय केलं? दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याला त्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं ते विचारलं. मग स्थळावर बोलला, मानपानावर बोलला, आणि वीस मिनिटांत त्या बाबानं दरवाजा उघडून दिला. तुम्ही हसून लोळत होतात. माझी लढाई झालीच नाही. नकाशे तसेच घडी घालून राहिले.

नंतर नदी ओलांडताना मागून बाण आला, कोंडिबा पाण्यात पडला. अशा वेळी आपल्या टेबलाचा नियम साधा होता. शेवटच्या श्वासाचा फासा, तो वीस बाजूंचा, गोष्ट सांगणाऱ्यानं पडद्यामागे टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर माणूस वाचला. पडलेला आकडा आधी वहीत लिहायचा आणि मग बोलायचं. गोष्ट संपली की वही सगळ्यांसाठी उघडी. हा नियमही माझाच. तुम्ही म्हणायचात, तुझ्यावर विश्वास आहे, वही कशाला? मी म्हणायचो, विश्वासाचं काम नाही, शिस्तीचं आहे.

मी फासा टाकला आणि म्हणालो, "सात. कोंडिबा गेला."

तू उठून उभी राहिलीस. "अरे, वाकव ना नियम एकदा! याचं बाहेर काय चाललंय ते दिसत नाही का तुला?" आणि मी काय बोललो ते तुला पाठ असेल: "एवढा कळवळा असेल तर भजनी मंडळ काढा. इथं फासा सांगतो तेच होतं." तू पर्स उचललीस आणि जिना उतरून गेलीस. दीपक मात्र बसून होता. तुला मागून हाक मारत म्हणाला, "ताई, जाऊ द्या ना. फासा खोटं नाय बोलत."

नियमाप्रमाणे त्यानं नवा माणूस पहिल्या पायरीपासून सुरू केला. दोन रविवार आला. काही बोललाच नाही. आपली पाळी आली की फासा टाकायचा आणि गप्प. मी विचारलं, काय रे, बरं नाही का? तर म्हणाला, "हा नवा माणूस अजून ओळखीचा नाय झाला. कोंडिबा आपोआप बोलायचा." तिसऱ्या रविवारी आला नाही. मग कधीच आला नाही, आणि गोष्ट अर्धवटच राहिली.

दवाखान्यात मी एकदाच गेलो. सृष्टी भावाचे पाय चेपत बसली होती. त्यानं मला बघून विचारलं, "वाल्मीक, कोंडिबाला किती कमी पडले होते रे?" मी म्हणालो, तीन. "तीनच? च्यायला!" म्हणून हसला, आणि बहिणीला म्हणाला, "या माणसानं माझ्या आजारपणाची कीव नाय केली. बाकी सगळे मला काचेचं भांडं समजतात. यानं चारचौघांसारखं धरलं." सृष्टीनं तुला सांगितलं ते हेच. तिनं माझ्याकडे किती मायेनं बघितलं म्हणून सांगू. मी मान हलवली. त्यानं दिलेली शाबासकी घेतली आणि खाली येऊन गाडीला किक मारली.

दहाव्याला रामकुंडावर तू समोर होतीस. तुला वाटलं असेल, हा ताठ्यात आहे. ताठा नव्हता गं. तू माझ्याकडे बघितलं असतंस तर मी तिथंच बोलून बसलो असतो, म्हणून मी पाण्याकडे बघत उभा राहिलो.

तेजस्विनी, तू मला नियम वाकवायला सांगत होतीस. वाकवायची गरजच नव्हती. चौदा पडले होते.

नियमानं कोंडिबा वाचला होता. मी सवयीनं वहीत चौदा लिहिले, वर बघितलं, दीपक अजून त्या पहारेकऱ्याच्या मुलीच्या लग्नावरच बोलत होता, तुम्ही हसत होतात, आणि माझ्या तोंडातून सात निघालं. मला तो एकदा तरी गप्प झालेला बघायचा होता. बस, एवढंच. दुसरं कारण शोधायला वर्ष घालवलं, सापडलं नाही. आणि पुढचे दोन रविवार तो गप्प झालेला मी पोटभर बघितला.

त्यामुळे दीपक गेला असं मी म्हणत नाही, एवढा खुळा नाही मी. पण आठवड्यातली एक दुपार तो आजारी नसायचा. ती मी काढून घेतली, आणि वर त्याच्याकडून न्याय केल्याचं श्रेय घेतलं.

तुझी माफी मला ठेवता येत नाही, परत घे. उद्या सकाळी दिंडोरीला जाऊन सृष्टीला हे सगळं तोंडानं सांगणार आहे. ती दारातून हाकलेल, हाकलू दे. सात तारखेला खोली झाडून ठेवतो. आई भत्ता करून ठेवेल. डाव तू चालव, पडदा न लावता. मी यावं की नाही ते तू आणि सृष्टी ठरवा. बोलावलंत तर जिन्यात बसेन.

वहीचं ते पान फाडून सोबत ठेवलंय. वरून सहावी ओळ. अक्षर माझंच आहे, तू ओळखशील. 'तुझा' म्हणून सही करायची सवय आहे, पण ते पान वाचल्यावर तो शब्द तिथं ठेवायचा की नाही ते तूच बघ.

वाल्मीक