कुमुदच्या झाडाची ओटी

९ एप्रिल, गुरुवार
उल्हासनगरला कुमुदकडे. कंबरेचं हाड जुळलंय म्हणतात, पण वॉकर सोडून चार पावलं टाकता येत नाहीत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवसभर खिडकीत.
गेले तर डोळे लाल. भाच्याचा, समीरचा फोन येऊन गेला होता. तिच्या माहेरच्या गढीच्या बागेत मॅरेज लॉन करणार. बाकीची झाडं कडेची, ती राहतील. कु.चा पांढरा जाम नेमका मधोमध, स्टेजच्या जागी.
गढीची रीत मला शाळेपासून पाठ, तरी कु.ने आज पुन्हा बोटांवर मोजून दाखवली. लेक जन्मली की तिच्या नावाचं झाड. अक्षय्य तृतीयेला लेकीने माहेरी यायचं, वहिनीने ओटी भरायची, मग लेकीने झाडाला विहिरीचं पाणी घालून पहिलं फळ तोडायचं. लागोपाठ तीन वर्षं आली नाही तर झाड घराचं. मग ठेवा, नाहीतर तोडा.
एक वर्ष भाऊजींच्या बायपासमध्ये गेलं. दुसरं या पडण्यात. हे तिसरं.
"आत्या, नियम तुमच्याच आजोबांचा. मी कुठे मोडतोय?" असं म्हणाला म्हणे. अगदी गोड आवाजात.

१२ एप्रिल, रविवार
कु.चा हट्ट, खुर्चीत बसवून खाली उतरवा. भाऊजी भडकले. "तीन जिने! झाड वाचवायला जाशील आणि स्वतः मोडून येशील."
"मोडले तर मोडले. माझं आहे ते."
"आणि मी? मी कुणाचा?"
यावर तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.
मग एकदम माझ्याकडे वळून, "शैले, तू जा."
मी?
"आई काय म्हणायची? मला दोन लेकी."
म्हणायची खरं. दर मे महिन्यात मी गढीवरच. आमचं कॉन्व्हेंट सुटलं की ट्रंक घेऊन थेट तिकडे. दोघींना एकसारखे फ्रॉक, एका ताटात आमरस. फक्त झाड एकीलाच होतं. कधी कोणाला बोलले नाही. इथे लिहिते.
हो म्हणून आले.

१५ एप्रिल, बुधवार
गढीवर फोन केला. समीरनेच उचलला.
"या ना मावशी, कधीही या. पण आत्याच्या ऐवजी? रेशनच्या रांगेत दुसऱ्याचा नंबर लावतात, तसं?"
आणि स्वतःच हसला.
दादांना दे म्हटलं. कु.चा भाऊ, माझाही दादाच. तर "बाबांना फोनवर ऐकू येत नाही." वहिनींना दे. "आई देवळात." दुपारी तीन वाजता कुठलं देऊळ उघडं असतं?
कु.ला यातलं अर्धंच सांगितलं.

१८ एप्रिल, शनिवार
कु.ने तिची मोतिया साडी पाठवली, पाण्याला तांब्याही तिचाच. शिरगाव नाक्यावरून रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन. साडीला डांबरगोळ्यांचा वास. काही राहिलं का, म्हणून तीनदा फोन. नाही गं बाई, काही नाही राहिलं.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया
जमेल तसं लिहिते.
बारवीच्या रस्त्याने वळलो आणि आधी दिसला जेसीबी. दिंडी दरवाजाबाहेर उभा. बुरुजावर निळी प्लास्टिकची टाकी. आत मात्र बाग तीच. थोरल्या आत्याबाईंची बकुळ, मधलीचं रामफळ, विहिरीचा दगडी पाट. त्यातून जमिनीवर चुन्याच्या सरळ रेघा. जामाच्या चारी बाजूंनी रेघा. झाड फळांनी पांढरं झालेलं.
शाळेतली प्रार्थना आपोआप ओठांवर आली. वर्गात नाव पुकारलं की येई, तशी.
दादा ओसरीवर खुर्चीत. फार थकलेत. समीर पुढे आला, "चहा घ्या, बाग बघा, फोटो काढा." मी म्हटलं, आधी झाड. एवढ्यात वहिनी ताट घेऊन आल्या. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. म्हणजे मी येणार हे त्यांना कळलं होतं! मला भरून आलं. त्यांनी बोटाला कुंकू घेतलं, हात माझ्या कपाळापर्यंत आणला.
आणि तिथेच थांबला.
मला तेव्हा उमगलं. हे जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. साडी, तांब्या, रिक्षा, सगळं आठवलं आम्हा दोघींना. हे नाही आठवलं. तिला मी अजून तीच शैला, आणि मला... मला तिथे गेलं की मी तीच.
"माझा यावर विश्वास नाही हं मावशी," समीर म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. पण रीत धरायची तर सगळी धरायची ना? विधवेची ओटी आपल्यात भरत नाहीत."
वहिनी खाली बघत उभ्या. दादा ओसरीवरून ओरडले, "कोण आलंय?"
मी जवळ जाऊन कानाशी, "शैला."
"बुरुजावरून उडी मारून गुडघे फोडलेली?"
"तीच."
"कुमी कुठाय?"
"पडली दादा. वर्ष होत आलं. तिला जिना उतरता येत नाही."
ते बघतच राहिले. मग समीरकडे वळले. "तू तर म्हणालास, आत्याला आता इथली ओढ नाही."
समीरने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.
वहिनी वळल्या. मला वाटलं, आत चालल्या. पण त्या थेट चुन्याच्या रेघेवरून जामापाशी गेल्या. बोटावरचं कुंकू खोडाला लावलं. मुळाशी तांदूळ, नारळ ठेवला. खण उलगडून खोडाभोवती घेतला, दोन गाठी मारल्या. करकचून.
"कुमुदताईंची ओटी भरली," म्हणाल्या. "घाला पाणी, शैलाताई."
अर्धं पाणी माझ्याच पायावर गेलं.
"आई, याला काही अर्थ नाहीये. उद्या माणसं येणारच."
मी फळ तोडलं तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "कुमीला दे."

२० एप्रिल, सोमवार
कु.ने जाम किती तरी वेळ हातातच धरला. मग एक फोड भाऊजींना, एक मला. पाणचट, थोडा तुरट. आम्हाला अमृत.
कुंकवाचं सांगितल्यावर तिने तोंडावर हात घेतला. "माझ्या लक्षातच नाही आलं गं." मी म्हटलं, बरं झालं.
"पण हे धरतील का शैले? मी आले असं?"
फोनकडे बघत बसलो. आला नाही.

२३ एप्रिल, गुरुवार
दुपारी कु.कडेच होते. वहिनींचा फोन. कु.ने स्पीकरवर टाकला. आवाज दबका.
सोमवारी माणसं आली, खण बघून मागे सरली. ओटी भरलेल्या झाडाला हात लावणार नाही म्हणाली. काल समीरने पनवेलकडची दुसरी आणली. तीही तशीच परत. मग तो आईवर घसरला, "तू बांधलास, तूच सोड."
"मी म्हटलं, मी सोडायला बांधला नाही. तुला हवं तर तू सोड."
"दादा काय म्हणाला?" कु.
"ते जेवत नाहीयेत. सकाळपासून खुर्ची बागेकडे फिरवून बसलेत."
"आणि समीर?"
"आत्ताच गेलाय बागेत. मला खिडकीतून दिसतोय."
"काय करतोय?"
"झाडापाशी उभा आहे."
कु.ने माझं मनगट घट्ट धरलं. "वहिनी, हात? हात कुठे आहेत त्याचे?"
"खिशात," वहिनी म्हणाल्या. "अजून खिशातच आहेत."