बिरोबाच्या माळावरचा फोन

आई,

काल धाकटीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. आता गावातच टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे फोन चुलीपाशीसुद्धा लागतो. भिंतीला टेकवून ठेवला की ती कुपवाडच्या तिच्या घरात चपात्या लाटताना दिसते, आणि मी तिला दिसते. बोलता बोलता ती म्हणाली, आई सांगायची, लग्नाआधी तिला शिवणकाम शिकायचं होतं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि नुसतं हं म्हणाले. मला हे ठाऊक नव्हतं. तुझ्या दारातून हाक मारली तर माझ्या दारात ऐकू यायची, सगळी उमर तुझ्या डोळ्यांपुढं काढली, आणि तुला काय शिकायचं होतं हे मला कुपवाडहून कळतं.

मला गावातल्या गावात दिली आणि तिला लांब, हे तूच ठरवलंस. थोरली जवळ असावी, असं तू तेव्हा सगळ्यांना सांगत होतीस आणि ते ऐकून मला बरंही वाटलं होतं. माझा नवरा मुंबईला, तुझं घर मोकळं, म्हणून आपल्या दोघींची शेरडं एकाच गोठ्यात बांधली. धाकटीनं तुला बटणांचा फोन पाठवला तेव्हा तो लावायला शिकवलं तेही मीच. हिरवं बटण दोनदा दाबायचं, एकदा वाजू द्यायचं आणि तोडायचं, मग ती तिकडून करेल. गावात तेव्हा रेंज नव्हती. बिरोबाच्या माळावर, देवळामागच्या खडकावर बसलं तरच आवाज यायचा. मग रोज ऊन उतरलं की तू शेरडं माझ्यावर सोपवून निघायचीस. गुडघे धरलेले, तरी ती चढण चढायचीस. माझ्या घरी यायचं म्हटलं की मात्र तुला ओटा उंच वाटायचा.

एकदा एक शेळी चुकली म्हणून शोधत मी माळावर आले, तर देवळाच्या पलीकडून तुझा आवाज. तू हसत होतीस. मी तुला असं हसताना कधी बघितलं होतं ते आठवेना. जेवलीस का बाळ, काय केलं होतंस, वांग्यात कूट घातलास का, पोराचा खोकला गेला का. आणि मग आवाज खाली आणून म्हणालीस, रात्रीचं छातीत धडधडतं गं, एकटीला भ्या वाटतं. मी भिंतीला पाठ लावून उभी. त्याच दिवशी सकाळी तू माझ्याशी बोलली होतीस ते एवढंच, की पाणी भरलं का आणि शेण अजून का पडलंय.

घरी आल्यावर मी विचारलं, छातीत धडधडतं हे मला का सांगितलं नाहीस. तू शेळीची दोरी सोडवत होतीस. वर न बघता म्हणालीस, ‘तू रोज दिसतीस की. दिसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?’

ते शब्द मला लय लागले, आई. मी पुढं कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोलले नाही आणि तुला ते कळलंही नाही. तू माळाकडं निघालीस की माझा जीव जळायचा. वाटायचं, मीही नवऱ्याकडं निघून जावं, म्हणजे तू माझ्यासाठी त्या खडकावर चढशील.

मग त्या थंडीत तू अंथरूण धरलंस. पेजसुद्धा गिळवेना. आणि एका दुपारी म्हणालीस, मला माळावर ने. मला राग आला. जीव एवढासा उरलाय, तरी धाकटीशी बोलायचंय. तरी शेजारच्या भाऊजींना गाडी काढायला लावली, तुला मधे धरून देवळापर्यंत आणलं. ते गाडीपाशी थांबले. मी तुला खडकाला टेकवून बसवलं आणि फोन हातात दिला. तू तो मांडीवर ठेवलास.

‘लावून देऊ का?’ मी म्हणाले.

‘नगं. बस जरा.’

‘ती वाट बघत असंल.’

‘बघू दे. तू कवा बसतीस माझ्यापाशी? आलीस की हातात झाडू, न्हाईतर घागर. घरात काय बोलाय गेलं की तू उठतीस.’

मी बसले. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, ‘दुपारी काय खाल्लंस गं बाळ?’ मी म्हणाले, चटणी-भाकरी. वर तेल घेतलं का, म्हणालीस. घेतलं, म्हणाले. मग तू तुझ्या लहानपणाचं काय काय बोलत राहिलीस, मेंढरांमागं कुठवर चालत जायचात ते, आणि मी जन्मात पहिल्यांदा हातात काही काम नसताना तुझं ऐकलं. शेरडं गावाकडं वळली तेव्हा आपण उठलो. दोन दिवसांनी तू गेलीस.

आईला माळावर नेलं होतं, हे धाकटीला भाऊजींकडून कळलं. तेव्हापासून ती विचारत असते, मग तिनं मला फोन का केला नाही. काल पुन्हा विचारलं. चपाती लाटायची थांबली होती. मी सांगितलं, त्या दिवशी रेंजच नव्हती गं. ती म्हणाली, तसंच असंल, आणि डोळे पुसून पुन्हा लाटायला लागली.

हे मी मोबाईलवरच लिहितेय. कुणाला पाठवायचं नाही.

रेंज होती, आई. तुझ्या मांडीवरच्या फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या मी बघितल्या होत्या. धाकटीला खरं सांगायला हवं, तू त्या दुपारी सुखानं बोलत बसली होतीस हे ऐकून तिचा जीव निवेल, हे मला कळतं. पण तिच्याकडं तुझं किती आहे, आणि माझ्याकडं ती एक दुपार. ती वाटून द्यायला माझं मन होत नाही.