सशाची साक्ष

तांडा, घाटंजीजवळ
मंगळवार

चि. वर्षा हिला,

सेवादास काकाचा जय सेवालाल आणि डोक्यावर हात. नागपुरात जेवण वेळेवर होते ना? इकडे सगळे बरे, काकीचा गुडघा तेवढा आहे तसाच आहे. (फोनवर तू "काका, तुमाले नाई समजणार" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तुझे बाबा उद्याच्या गाडीने डबा आणत आहेत, त्यातच ठेवतो. कुपी उघडण्याआधी वाच.)

विद्यापीठ बंद म्हणून तुझा माल इकडच्या पत्त्यावर आला. टरबुजाएवढा थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या. काकी म्हणाली, "बर्फात तं मुडदा ठेवतेत जी, हे काय आणून राह्यले घरात?" सशाच्या रक्तातून काढलेली वस्तू आहे, पोरीच्या संशोधनाची, असं सांगितलं, तर म्हणे, "मंग भोगाच्या तुपापाशी नोका ठेवू!" तूप शेजारी गेलं आणि डबा आल्याबरोबर फ्रिजमध्ये गेला. (काकी, तुझे बाबा आणि दुकानदार विठ्ठलराव, तिघेही हेच सांगतील.) आत निघाली करंगळीच्या पेराएवढी कुपी. तीही रिकामी वाटली. उजेडात धरली तेव्हा तळाशी थेंब दिसला.

पण माझा खरा संशय थेंबावर नाही, सशावर आहे. तू सांगितलंस, माणसाच्या अंगातलं एक प्रोटीन सशाला टोचतात. सशाचं रक्त त्याला परकं म्हणून ओळखायला शिकतं. मग त्या रक्तातली अँटिबॉडी ते प्रोटीन जिथे असेल तिथे दाखवून देते. पॉलिक्लोनल म्हणजे ओळखणारे पुष्कळ, प्रत्येक जण त्याचा वेगळा भाग धरून ओळखणारा. ऐकताच मला हरिसिंगची बकरी आठवली. (सशावर माझा राग नाही. काल आरतीत त्याच्यासाठीही हात जोडले. नाव माहीत नाही, म्हणून नुसतं "तो ससा" म्हणालो.)

हरिसिंगची हरवलेली बकरी बाजारात एकाजवळ सापडली तेव्हा मी पंच होतो. साक्षीदार तीन. एकाने कापलेला कान ओळखला, दुसऱ्याने आवाज, मोतीबाईने पांढरा पाय. निकाल पक्का दिसत होता, पण मन मानेना. मी सुखीबाईची बकरी आणून उभी केली, जिचा या भानगडीशी काहीच संबंध नव्हता. दोघे म्हणाले, ही ती नाही. मोतीबाई म्हणाली, "हेच तं हाये जी! पाय पाहा ना!" पांढरा पाय निम्म्या तांड्याच्या बकऱ्यांना आहे. तुझ्या सशाच्या रक्तातही एखादी मोतीबाई असणारच.

मागच्या कुपीने प्रत्येक नमुन्यात प्रोटीन दाखवलं आणि सर म्हणतात लिहून टाक, असं तू आनंदाने बोललीस. प्रत्येक नमुन्यात? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुझी तीन वर्षं या साक्षीवर उभी आहेत, पोरी.

सरांना नमस्कार.

तुझा काका,
सेवादास

ता. क. आधी या कुपीला असा नमुना दाखव, ज्यात ते प्रोटीन नाही हे तुला नक्की ठाऊक आहे. सुखीबाईची बकरी समज. तिथेही कुपीने हो म्हटलं तर लिहू नकोस. सर रागावले तरी चालतील.

दुसरा ता. क. आणि कुपीने कशालाच ओळखलं नाही, तर सशाला दोष देऊ नकोस. कुपी रिकामी आहे या संशयाने मी डबा ओट्यावर उघडाच ठेवला आणि कुरियरवाल्याविरुद्ध पंचनामा करायला विठ्ठलरावांना निरोप धाडला. ते घाटंजीहून येईपर्यंत दुपार कलली, बर्फाचं पाणी झालं. डबा आल्याबरोबर फ्रिजमध्ये गेला असं तिघेही सांगतील, आणि तिघेही वेगवेगळ्या शब्दांत सांगतील. ते शब्दही मीच पढवले आहेत.