अब्बांच्या ताटातलं ग्रीस

गुरुवार, १ ऑक्टोबर १९९८

ऑफिस हाफ डे. बसमध्ये नीट विचार केला आणि ठरवलं. उद्यापासून घरात ग्रीक जेवण.

कारणं लिहून ठेवते, म्हणजे नंतर गोंधळ नको. अम्मी गेल्यापासून अब्बा जेवत नाहीत. दोन घास घेतात, ताट सरकवतात, म्हणतात भूक नाही, बाय. समोरच्या फ्लॅटमधली कुलसुम खाला म्हणते, अगो, तुझ्या अम्मीच्या हातचं कायतरी कर, सांदणं कर, बांगड्याचं कालवण कर, बघ कसे जेवतात. हे मला अजिबात पटत नाही. तेच पदार्थ केले की आठवण येणार. आठवण आली की घास उतरणार नाही. साधं लॉजिक आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, बी.कॉम., मीही खालासारखा विचार केला तर शिकून काय उपयोग?

ग्रीक जेवणात अम्मीचं काहीही नाही. शिवाय ऑलिव्ह तेल हृदयाला चांगलं असतं. आमच्याच कंपनीच्या डब्यावर तसं छापलेलं आहे.

ध्येय: अब्बांनी एक ताट पूर्ण संपवायचं. महिनाअखेरपर्यंत.

मी ठीक आहे. खाला रोज विचारते, रडलीस का गो? हा काय प्रश्न झाला. अम्मी कोकणात गावी गेली होती, तिथे गेली. शुक्रवारी फोन आला. इथे आखातात पासपोर्ट ऑफिसकडे ठेवावे लागतात, म्हणून आमचे आपापल्या ऑफिसच्या कपाटांत, आणि शुक्रवारी ऑफिसं बंद. अस्रच्या नमाजाआधी दफन झालंसुद्धा. आता जाऊन काय करायचं, असं मीच अब्बांना म्हटलं. ते हो म्हणाले. रडून त्यात काय फरक पडणार होता?

शनिवार, ३ ऑक्टोबर

ग्रीसहून आमच्याकडे पिंपांनी तेल येतं. हमरिया बंदरातल्या गोदामात ते डब्यांत भरतात. मालक मिस्टर स्तेलिओस ग्रीक, आणि अकाउंट्सच्या देस्पिनाबाई ग्रीक. बाकी आम्ही सगळे इकडचे तिकडचे. देस्पिनाबाई साठीच्या, विधवा, सारख्या सिगरेट ओढतात. त्यांना विचारलं, मला तुमचं घरगुती जेवण शिकवाल का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, हॉटेलातलं की आईचं? म्हटलं, आईचं चालेल.

मी वही-पेन घेऊन बसले. घेवडा किती? मूठभर. तेल किती? पुरेल इतकं. शिजवायचं किती वेळ? शेजारीण भांडून परत जाईपर्यंत. मी म्हटलं, मॅडम, प्रमाण लागेल. हसल्या, आणि मूठ दाखवली. अंदाजे अर्धा चहाचा कप.

सोमवार, ५ ऑक्टोबर

पांढऱ्या घेवड्याचं सूप. फासोलादा म्हणतात त्याला. ग्रीसमध्ये घराघरात होतं. छान झालं होतं असं मला वाटतं. मी चाखलं नाही, ऑफिसमध्ये खाणं झालं होतं.

अब्बांनी वाडगं उचलून पाहिलं आणि हळूच विचारलं, बाय, कुणाला बरं नाय काय?

समजावून सांगितलं. दोन चमचे घेतले. सुरुवात म्हणून उत्तम.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

दोल्मा. द्राक्षाच्या पानांत भाताच्या गुंडाळ्या. पानं बरणीत मिळाली, रोला बाजारातल्या सुपरमार्केटमध्ये. दुपारभर गुंडाळत बसले.

अब्बांनी एकेक गुंडाळी सोडली, आतला भात खाल्ला आणि पानं एकावर एक नीट रचून ठेवली. मग म्हणाले, धुवून ठेव, परत वापरता येतील.

भात पोटात गेला. नोंद घेण्यासारखं.

शनिवार, १० ऑक्टोबर

अंडं आणि लिंबाचं सूप. अंडं फाटलं. देस्पिनाबाईंची आई म्हणे, फाटू नये म्हणून ढवळताना तोंडाने चुंबनाचा आवाज काढत बसायची. मला ते शास्त्रीय वाटलं नाही, म्हणून काढला नाही.

खालाची नात सुरैय्या आली होती. वास घेऊन म्हणाली, आंटी, इट स्मेल्स लाइक शाम्पू. इंग्लिश मीडियमच्या मुलांना चवीची सवयच नसते.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

मुसाका. वांगी, खिमा, वर पांढरा सॉस. खिम्यात दालचिनी लागते. अम्मीच्या मसाल्याच्या डब्यात होती, पण डब्याचं झाकण फार घट्ट बसलंय. उगाच त्यात वेळ घालवला नाही, खाली जाऊन नवीन पुडी आणली.

अब्बा म्हणाले, छान आहे, फक्त जरा झोपल्यासारखं लागतंय.

झोप येणं म्हणजे पचन सुरू होणं. ठीक.

नवीन पद्धत: रात्रीच्या ताटावर फार भर द्यायचा नाही. उद्यापासून अब्बांना कामावर, पोर्टवर, डबा द्यायचा. माणूस चार लोकांत बसला की जेवतो.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

यश! गुरुवारी पालक आणि फेटा चीज भरलेली पेस्ट्री दिली होती. डबा रिकामा आला. चाटूनपुसून. अब्बांना विचारलं, आवडलं? म्हणाले, सगळं संपलं.

देस्पिनाबाईंना सांगायचं आहे. याचं पुस्तक होऊ शकतं. कोकणी घरांसाठी ग्रीक जेवण. मराठीत असं अजून कुणी लिहिलेलं नसणार.

नवा ऑफिसचा स्कर्ट कमरेत सैल झालाय. लाँड्रीवाल्याने ताणला असणार. त्याच्याशी बोलायला हवं.

रविवार, १८ ऑक्टोबर

हनीफ चाचांचा फोन. अब्बांबरोबर पोर्टवर क्रेन चालवतात. म्हणाले, मुनिबा बेटी, तुझं ते चीजवालं एकदम हिट. आमच्या गँगमधले फिलिपिनो रोज विचारतात, बदरुद्दीनभाई, टुडे व्हॉट? मी विचारलं, आणि अब्बा? चाचा म्हणाले, ते चहा घेतात ना.

म्हणजे डबा त्यांनी वाटला. वाईट वाटण्याचं कारण नाही. पदार्थ चांगला आहे हे बाहेरच्या माणसांकडून सिद्ध झालं. संशोधनाची दिशा बरोबर आहे.

मंगळवार, २० ऑक्टोबर

देस्पिनाबाईंनी घरून फोटोंचा अल्बम आणला. एका फोटोत मोठ्या ताटात पांढरा शुभ्र ढीग, वर चांदीच्या गोळ्यांनी काढलेली अक्षरं. विचारलं, केक? म्हणाल्या, नाही, गहू. त्यांच्या आजीने केलेला.

मग बऱ्याच बोलल्या. गहू उकडायचे, पांढऱ्या कापडावर पसरून वाळवायचे, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, अक्रोड, बेदाणे, दालचिनी. वर भाजलेलं पीठ आणि जाड साखरेचा थर. चर्च सुटलं की प्रत्येक मुलाला कागदी पुडीत मूठ मूठ मिळायचा. म्हणाल्या, लहानपणीचं इतकं गोड दुसरं काही आठवत नाही मला. म्हणजे शिरणीच की, दर्ग्यात वाटतात तशी.

विचारलं, अक्षरं कुणाची? म्हणाल्या, माझ्या वडिलांची.

म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाची. मानाची पद्धत दिसते. पुढे विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी सिगरेट पेटवली आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर फक्त ट्रक उभे होते. मी म्हटलं, मॅडम, गहू किती घ्यायचे?

त्यांनी मूठ दाखवली.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

खाला आली होती. अब्बांसमोर म्हणाली, मंगळवारी तुझ्या अम्मीचा, जहांआराचा, चाळिसावा. गावात करतीलच, पण इथं घरात फातिहा नको काय? मी दोन हंड्या चढवते, तू फक्त हो म्हण.

मी नाही म्हटलं. मंगळवारी आमच्या नव्या गोदामाचं उद्घाटन आहे, सगळ्या स्टाफला थांबायला सांगितलंय. आणि गावात होतंय तर इथे दुसऱ्यांदा कशाला? खाला म्हणाली, अगो, फातिहा काय फाइल आहे, एका ऑफिसात झाली की खलास? अब्बा पंख्याकडे बघत होते.

उद्घाटनासाठी मी तो गव्हाचा पदार्थ करणार. मालकांच्या मानाने, त्यांच्या देशाचा. उरलेला अब्बांना. गव्हात ताकद असते.

सोमवार, २६ ऑक्टोबर

अर्धा दिवस सुट्टी घेतली. गहू उकडले. वाळवायला पांढरं कापड हवं होतं. चादरी सगळ्या फुलाफुलांच्या. कपाटात अम्मीचा नमाजाचा दुपट्टा मिळाला. धुतलेला होता. साबणाचा वास येत होता, बाकी कसला नाही.

हॉलमध्ये पसरला. अब्बा पोर्टवरून आले आणि दारातच थांबले, बूट न काढता. मग खाली बसले आणि गव्हातले खडे, काड्या वेचायला लागले. पॉलिश केलेला गहू होता, त्यात काहीच नव्हतं. तरी बसून राहिले. मी चहा ठेवला, तो गार झाला.

अब्बांना ग्रीक पद्धतीत रस वाटायला लागलाय. फार चांगलं लक्षण.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

सविस्तर लिहिते, कारण उद्या डोकं कसं असेल माहीत नाही.

ताट सुंदर झालं होतं. साखरेचा थर एकदम गुळगुळीत, वर चांदीच्या गोळ्यांनी एस आणि के. स्तेलिओस कारास. बसमध्ये मांडीवर घेऊन गेले. ड्रायव्हर मुश्ताकभाईने प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी हळू केली.

फीत कापून झाली. मी ताट पुढे केलं. मालकांनी पाहिलं, अक्षरं वाचली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. छातीवर क्रॉस काढला आणि स्वतःच्या शर्टवर तीनदा थुंकल्यासारखं केलं. फोरमन हसला आणि मग एकदम गप्प झाला. मला वाटलं, साखर कमी दिसत असेल.

देस्पिनाबाईंनी माझ्या हातातून ताट घेतलं, मला अकाउंट्समध्ये नेलं, दार लावलं. म्हणाल्या, हा मेलेल्या माणसासाठी करतात. चाळिसाव्या दिवशी. वर त्याचीच अक्षरं असतात. तू त्या बिचाऱ्याला त्याचाच चाळिसावा आणून दिलास.

त्या हसत होत्या, पण डोळे पुसतही होत्या. मग एकदम थांबल्या. तुझी आई कधी गेली म्हणालीस?

मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये. त्यांनी बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मॅडम, योगायोग आहे.

त्यांनी चमच्याने मालकांची अक्षरं काढली. साखर परत सपाट केली. गोळ्या तळहातावर घेऊन विचारलं, आईचं अक्षर सांग.

मला आठवेना. डोक्यात अम्मी एवढंच येत होतं. बराच वेळ लागला. शेवटी म्हटलं, जे.

संध्याकाळी ताट परत मांडीवर. घराचं दार उघडंच होतं, पायऱ्यांवर चपला. आत लोबानचा धूर. खाला, तिच्या दोन जावा, हनीफ चाचा, मशिदीतले मौलवी. अब्बांनीच सगळ्यांना बोलावलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

अब्बांनी ताट पाहिलं. अक्षर पाहिलं. म्हणाले, तुझ्या लक्षात होतं, बाय?

मी हो म्हटलं.

खालाने मला जवळ ओढलं. उगाच बोलले गो तुला, म्हणाली. फातिहा झाली. सगळ्यांना मूठ मूठ वाटलं. अब्बांनी ताटलीत घेतलं, संपवलं, परत घेतलं. म्हणाले, तुझी अम्मी म्हणाली असती, गूळ हवा होता.

ध्येय साध्य झालं आहे. महिना संपायच्या आत.

काही वाटलं नाही. मी खाल्लं नाही, दिवसभर त्याचाच वास घेत होते.

बुधवार, २८ ऑक्टोबर

मालकांनी देस्पिनाबाईंमार्फत निरोप पाठवला, राग नाही, पण यापुढे फक्त बिस्किटं आणावीत.

घरी आले तर अब्बा स्वयंपाकघरात. मासळी बाजारातून बांगडे आणले होते. लुंगी खोचून कालवण करत होते. म्हणाले, तुझं ग्रीस आता पुरे, बाय. मग अम्मीचा मसाल्याचा डबा घेतला आणि एका अंगठ्याने उघडला. घट्ट नव्हता.

वास आला. मी खिडकी उघडायला गेले, ती उघडीच होती.

तांदळाची भाकरी थापायला खाला आली. जाताना माझ्या मनगटाला अंगठा आणि बोट लावून बघितलं, अब्बांना म्हणाली, बदरूभाई, या पोरीला कोण बघतं? लाँड्रीवाल्याचं मी तिला सांगितलं नाही.

अब्बा जेवले. भाकरी, कालवण, वर भात. मग माझं ताट वाढलं. म्हटलं, भूक नाही. म्हणाले, दोन घास तरी. म्हटलं, ऑफिसमध्ये खाल्लं. म्हणाले, काय खाल्लंस?

ताट समोर आहे. मी रोजनिशी घेऊन बसले, म्हटलं तोवर उठतील. उठत नाहीत. समोर बसून माझ्या ताटाकडे बघतायत, मी महिनाभर त्यांच्या ताटाकडे बघत होते तसेच. कालवणावर साय धरायला लागली आहे.

पुन्हा सांगितलं, भूक नाही, अब्बा.

ऐकत नाहीत.