आईंचा दम

१७ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल, ह्यांचा खोकलाही गेला. आईंना तुमच्याकडे पाठवते का, असं विचारलंत, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आईंचं दुखणं म्हणजे लघवीची पिशवी उतावीळ झालीय. भरायच्या आधीच घाई करते. या वयात बऱ्याच बायकांना होतं, त्यात लाजायचं काय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाणी पिणं तोडायचं नाही, चहा कमी करायचा, आणि कळ आली की लगेच पळायचं नाही. थोडा दम धरायचा, तो हळूहळू वाढवायचा. आता आई पडल्या हट्टी, त्या कशाला धरतायत? म्हणून मी धरायला लावते. संडासाला कुलूप घातलंय, किल्ली माझ्या कमरेला.

कळ आली की त्यांनी मला करंगळी दाखवायची. जन्मभर मुख्याध्यापिका होत्या, करंगळी म्हणजे काय ते शिकवावं लागलं नाही! कधी मी लगेच उठते, कधी भाजी चिरून होईपर्यंत थांबवते. शेजारीण म्हणते, किती करतेस गं सासूचं.

गोळ्या दिल्यात हो. त्या मी सुरूच केल्या नाहीत. तोंड कोरडं पडतं म्हणे.

काल ह्यांचे साहेब सहकुटुंब आले होते. गप्पा रंगल्या आणि आईंची करंगळी वर. मी म्हटलं, "थांबा हं आई, पाहुणे आहेत."

आठवतंय का वन्सं? मला सातवा महिना होता. याच खोलीत आई म्हणाल्या होत्या, "पाहुण्यांसमोरून उठायचं नाही, वळण म्हणून काही असतं." माझ्या खुर्चीखालून ओघळ गेला तेव्हा तुम्ही खदखदून हसलात. मी मेल्याहून मेली झाले. तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले.

तर काल आईंचंही तेच झालं. साहेबांच्या बायकोनं मान फिरवली. सगळे गेल्यावर मी फरशी पुसत होते, तर आई म्हणाल्या, "काढलंस ना गं उट्टं? आता सोड मला लेकीकडे."

सोडते की! तुमची आई, मी कोण अडवणार? पण न्यायला तुम्ही स्वतः यायचं. रविवारी पुन्हा पाहुणे बोलावलेत. आईंच्या बरोब्बर समोरची खुर्ची तुमची. त्यांनी करंगळी दाखवली की सगळ्यांदेखत हसायचं, तेव्हा हसलात तसं. मनासारखं हसलात की मी कुलूप काढते, मग खुशाल घेऊन जा.

तुमची,
वळण लागलेली वहिनी